अर्ध्या वाक्याचा दाखला

कॉलेजात त्यांना सगळे दाखला सर म्हणत. वर्गात कुणी तावातावाने बोलायला लागलं की सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "दाखला?" बस, एवढंच. त्या एका शब्दाने भल्याभल्यांची हवा जायची. घरीही तीच तऱ्हा. "अहो, भाजी खारट झालीय," असं बायको म्हणाली तरी सरांच्या ओठांवर तोच शब्द यायचा. बायको दातांची डॉक्टर होती. "माझ्याकडे येणारा माणूस निदान तोंड तरी उघडतो," ती मैत्रिणींना सांगायची. "आमचे हे जन्मभर कागदात तोंड खुपसून बसलेत."

ते खरंच होतं. सर मूळचे इतिहासाचे. तरुणपणी सरकारी दफ्तरखान्यात इतकी धूळ खाल्ली की सर्दी त्यांच्या नाकात भाडेकरूसारखी राहिली आणि पुढे कधी उठलीच नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की जुन्या कागदांत राजे, लढाया, तह यांचा कितीही गलबला असला तरी खाली भांडण एकच आहे : हे कुणाचं? मग त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि लॉ कॉलेजात कायद्याचा इतिहास शिकवायला लागले. मुलांनी ऑप्शनला टाकायचा हा विषय, पण सरांचा वर्ग भरलेला असायचा. दोनशे वर्षांपूर्वीचा बांधाचा तंटा ते असा रंगवून सांगायचे, की जणू शेजारच्या बिऱ्हाडातली भानगड आहे. व्याख्याते झाले, विभागप्रमुख झाले, अधिष्ठाते झाले. कोर्टात मात्र एकदाही उभे राहिले नाहीत. वकिलीची सनदसुद्धा काढली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी आचारी आहे, वाढपी नाही."

त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं एक जाडजूड पुस्तक झालं होतं. विषय होता शहरातल्या जुन्या वस्त्यांच्या जमिनींचा, आणि त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण होतं ओढ्याकाठच्या रंगारी गल्लीचं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणारी घरं होती. फार पूर्वी कुणा राजाने त्यांना ती जागा सनदेने दिली होती. ही सनद म्हणजे नुसती देणगी नव्हे, तो करार होता, हे सरांनी कागदोपत्री दाखवून दिलं होतं. रंगाऱ्यांनी दलदल उपसून जमीन केली, ओढ्याला बांध घातला, दरसाल फौजेचं कापड रंगवून दिलं, आणि त्या बदल्यात जागा घेतली. पुस्तक फारसं कुणी वाचलं नाही. विद्वानांच्या पुस्तकाचं जे होतं तेच झालं : सगळ्यांनी कपाटात ठेवलं आणि सगळ्यांनी वाखाणलं.

सर निवृत्तीला टेकले होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी शेंडेफळाचा फोन आला.

शेंडेफळ म्हणजे सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. सरांना मूल नव्हतं, आणि हा उशिरा लाभलेला, सदान्‌कदा सरांच्या घरी पडलेला. म्हणून बायकोनेच त्याला ते नाव दिलं होतं. आता तो सरकारी वकील झाला होता.

"सर, तुमचं पुस्तक काय कामाला आलंय म्हणून सांगू!" त्याचा आवाज नुसता उतू चालला होता. "रंगारी गल्लीच्या केसमध्ये आपला सगळा डोलारा तुमच्यावर उभा आहे."

सरांना गुदगुल्या झाल्या. कुणाला होणार नाहीत? नव्या न्यायसंकुलासाठी सरकारला ती गल्ली हवी होती, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. खरं तर न्यायसंकुलासाठीही नाही, त्याच्या वाहनतळासाठी. सरांना वाटलं, शेंडेफळाने सरकारला समजावलं असेल की बाबांनो, हा नाद सोडा, जागा त्यांची आहे.

दुपारी त्यांनी कोर्टातल्या कागदांची प्रत मागवली आणि जेवता जेवता वाचायला घेतली. बायको समोर होती. तिने पाहिलं, की सरांचा घास तोंडातच फिरतोय. खाली उतरत नाही आणि बाहेरही येत नाही.

"काय झालं? दात दुखतोय?"

सरांनी कागद तिच्यापुढे सरकवला. त्यात त्यांच्या पुस्तकातलं वाक्य होतं, ठळक अक्षरात, पानाच्या क्रमांकासह : "ही सनद राजाच्या मर्जीची देणगी होती आणि मर्जी फिरताच ती संपली."

"मग? तुम्हीच लिहिलंय ना?"

"मी लिहिलंय," सर कसेबसे म्हणाले, "ही सनद राजाच्या मर्जीची देणगी होती आणि मर्जी फिरताच ती संपली, *हे दरबारी कारकुनांचं म्हणणं नंतर कुणी तपासूनही पाहिलं नाही.* आणि पुढची साठ पानं मी ते तपासलंय. खोटं ठरवलंय."

आपल्या भाषेत वाक्याचा जीव शेवटाला असतो. शेपूट तोडलं की होतं त्याचं नव्हतं होतं. हे त्यांनीच शेंडेफळाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. सर उठले आणि बेसिनपाशी गेले. बराच वेळ नळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी ते शेंडेफळाच्या कचेरीत गेले. चकचकीत टेबल, मऊ खुर्च्या, भिंतीवर न्यायदेवतेचं चित्र. शेंडेफळ उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी सरांचा हात धरला, खुर्ची ओढली, चहा सांगितला. त्याच्या आदरात कुठे काही कमी नव्हतं. सरांना पहिली शिसारी आली ती त्या आदराचीच.

"वाक्य अर्धं का छापलंस?"

"सर, कोर्टात पूर्ण वाक्य वाचायला वेळ कुणाला असतो?" तो हसला. "आणि समोरच्या वकिलाने वाचावं की उरलेलं. मी का वाचू? मी सरकारचा वकील, त्यांचा नाही."

"पण त्याचा अर्थ उलटा होतो रे."

"सर, तुम्हीच म्हणायचात ना, दाखला दे? दिला." त्याने बिस्किटांची बशी पुढे केली. "घ्या ना. तुमच्या आवडीची आहेत."

सरांनी बशी परत त्याच्याकडे सरकवली. ते उठून निघून आले.

गल्लीच्या बाजूच्या वकिलाने उरलेलं वाक्य वाचायची तसदी घेतलीच नव्हती. तो तारखेला यायचा आणि पुढची तारीख घेऊन जायचा. सरांनी त्याला गाठून सांगितलं, की मला साक्षीला बोलवा. तो म्हणाला, "अरे वा, तुम्ही हयात आहात होय?"

साक्षीच्या दिवशी सुनावणीआधी न्यायाधीशबाईंनी त्यांना आपल्या दालनात बोलावून घेतलं. त्याही सरांच्याच विद्यार्थिनी. मधल्या बाकावर बसून सुबक अक्षरात टिपणं काढणाऱ्या.

"सर, तुमच्यामुळे आम्ही घडलो," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या कोर्टात साक्षीला यावं, हे माझं भाग्य. चहा घेणार?"

सरांना खरं तर म्हणायचं होतं, की बाई, केस चालू असताना साक्षीदाराला चहा पाजू नये, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. पण त्यांनी फक्त मानेने नकार दिला.

सर पिंजऱ्यात उभे राहिले, गल्लीच्या वकिलाने नाव-हुद्दा विचारून आटपतं घेतलं आणि शेंडेफळ पुस्तक घेऊन समोर आला. सरांनी स्वतः सही करून त्याला भेट दिलेली तीच प्रत होती.

"हे पुस्तक आपलंच?"

"हो."

"या पानावर 'ही सनद राजाच्या मर्जीची देणगी होती आणि मर्जी फिरताच ती संपली' हे शब्द आपणच लिहिलेत?"

"लिहिलेत, पण त्यापुढे—"

"हो की नाही एवढंच विचारलंय."

"अहो, वाक्य पुरं होत नाही तिथे! त्यापुढे मी—"

"साक्षीदारांनी फक्त हो किंवा नाही एवढंच सांगावं," न्यायाधीशबाई अतिशय सौम्यपणे म्हणाल्या. "सर, प्लीज."

सरांनी गल्लीच्या वकिलाकडे पाहिलं. तो मोबाइल पाहत होता. जन्मभर ज्या कोर्टाचा इतिहास त्यांनी शिकवला, ज्याच्या निकालांनी मुलांना भारावून टाकलं, ते कोर्ट आतून हे असं होतं. खोकल्याच्या गोळ्यांचा वास, फाटक्या गाद्यांच्या खुर्च्या, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर साखरेत घोळलेला आदर.

"हो," सर म्हणाले.

निकाल लवकरच लागला. न्यायाधीशबाईंनी त्यात सरांवर अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. 'या क्षेत्रातले अधिकारी विद्वान', 'ज्यांच्या मताला तोड नाही', आणि मग ते अर्धं वाक्य. गल्ली सरकारची ठरली. वरच्या कोर्टात जायची मुदत संपायच्या आतच यंत्रं लागली आणि घरं पडली.

एवढ्यावर थांबलं असतं तर सर कदाचित घरी बसून कुढले असते. पण कॉलेजने त्यांचा सत्कार ठरवला. निवृत्तीचा, आणि 'न्यायालयाने ज्यांच्या संशोधनावर शिक्कामोर्तब केलं' त्या विद्वत्तेचा. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत न्यायाधीशबाई, शेजारी शेंडेफळ. प्राचार्यांनी भाषणात सरांना दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्ष म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. मग काचेचं मानचिन्ह सरांच्या हातात ठेवलं. त्यावर, कुणाची कल्पना होती देव जाणे, तेच अर्धं वाक्य कोरलेलं होतं.

सर माइकपाशी गेले. त्यांनी मानचिन्हावरचं वाक्य वाचलं, मग उरलेलं वाक्य म्हटलं, मग शांतपणे म्हणाले, "हे वाक्य ज्यांनी तोडलं ते माझे विद्यार्थी आहेत. ज्यांनी तोडू दिलं त्याही माझ्या विद्यार्थिनी. दोघंही पहिल्या रांगेत बसलेत. मला तुमची किळस येते. हे मला परत द्यायचंय." आणि मानचिन्ह त्यांनी टेबलावर ठेवलं.

सरांना वाटलं, आता कुणीतरी ओरडेल, कुणीतरी उठून जाईल, काहीतरी फुटेल.

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग पुढूनही. लोक उभे राहिले. "सर म्हणजे सर! अजून तेच तेज!" प्राचार्य कौतुकाने मान डोलावत होते. शेंडेफळही उभा राहून टाळ्या वाजवत होता. डोळ्यांत पाणी होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं होतं.

सर तडक स्वच्छतागृहात गेले आणि भडाभडा ओकले.

दुसऱ्या दिवशी ते रंगारी गल्लीत गेले, म्हणजे जिथे गल्ली होती तिथे. विटांचे ढीग, वाकलेले पत्रे, फुटलेल्या रांजणांतून सांडलेला रंग मातीत मुरून लाल-निळा चिखल झालेला. त्यात एक म्हातारी बाई शाबूत भांडी हुडकत होती. कोपरापर्यंत हात निळे. गल्लीत तिला सगळे आत्या म्हणत.

"काय पाहिजे?" तिने मान वर न करता विचारलं.

सरांनी आपण कोण ते सांगितलं.

"तुम्हीच का ते पुस्तकवाले?" ती उभी राहिली, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला थुंकली. "तुमच्या नावाने आमच्या घरावर नांगर फिरला."

"मी तसं लिहिलं नव्हतं, आत्या. माझं वाक्य पुढे होतं. अर्धंच वाचलं त्यांनी."

"असं होय? मग उरलेलं या विटांना वाचून दाखवा. त्यांचं समाधान होईल."

ती आपली भांडी शोधत राहिली. सर म्हणाले, "वरच्या कोर्टात जाता येईल अजून."

"आमचा वकील फोन उचलत नाही."

"मी लढतो."

"तुम्ही वकील आहात?"

"नाही," सर म्हणाले. "होईन."

घरी सांगितल्यावर बायको खो-खो हसली. "या वयात काळा कोट?"

"दुसरं काही सुचत नाही. काही खाल्लं की ढवळतं. पेपर उघडला की ढवळतं. आरशात पाहिलं तरी तेच. मी एवढं गोल गोल का लिहिलं गं? 'कारकून खोटं बोलले' एवढं सरळ लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला तोडता आलं नसतं."

"तोडणाऱ्याला काय, त्यांनी 'खोटं' तेवढं गाळलं असतं," बायको म्हणाली. "घ्या कोट शिवायला. पण मळखाऊ अस्तर लावा, तुम्ही सांडता."

वकिलीची सनद घ्यायला ते गेले तेव्हा रांगेत मागेपुढे नुकतीच मिसरूड फुटलेली पोरं होती. अर्ध्यांना सरांनीच शिकवलं होतं. कुणी जागा देऊ लागलं, कुणी फोटो काढायला लागलं. सर सही करून बाहेर पडले. अपील त्यांनी असं लिहिलं, की त्यात एकही लांब वाक्य नव्हतं. सगळी तोकडी, ठोकळ्यासारखी. तोडायला जागाच ठेवली नाही.

पहिल्याच तारखेला वरच्या कोर्टाने हुकूम दिला : जागेबाबत परिस्थिती 'जैसे थे' ठेवावी. शेंडेफळाने मान झुकवून तो मान्य केला. मान्य न करायला काय होतं? जमीन सपाट होती, ती सपाट राहणार होती. आत्याने विचारलं, "म्हणजे काय?" सरांनी समजावलं. ती हसली. ते हसू सरांना थुंकण्यापेक्षा जड गेलं.

मग तारखा पडत गेल्या. सर अडखळायचे, चुकीच्या वेळी उभे राहायचे, कागद खाली पाडायचे. पट्टीच्या वकिलांच्या मानाने ते कच्चेच होते. एकदा बेंचवरच्या न्यायमूर्तींनी वैतागून म्हटलं, "प्रोफेसर, हा वर्ग नाही." सर म्हणाले, "माहीत आहे. वर्गात मुलं ऐकतात." बेंचवर कुणीतरी हसलं आणि त्या दिवसापासून त्यांचं म्हणणं थोडं ऐकून घेतलं जाऊ लागलं. त्यांनी बांधाचे कागद काढले, फौजेच्या कापडाच्या पावत्या काढल्या, कारकुनांचा खोटेपणा कारकुनांच्याच अक्षरात दाखवला. ज्या कामाला जन्म वाहिला ते पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत वाचत होतं.

अपील मंजूर झालं. सनद हा करार होता, जागा रंगाऱ्यांची, सरकारने ती परत द्यावी.

सर निकाल वाचत गेले. खालच्या कोर्टातल्या अर्ध्या वाक्यावर एकच ओळ होती : सदर उतारा अनवधानाने अपुरा दिला गेला असावा. अनवधानाने! जिंकल्याच्या दिवशीही सरांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी काही केलं नव्हतं, घरं आपोआप पडली होती.

पुढच्याच महिन्यात शेंडेफळाची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. संध्याकाळी तो फुलांचा गुच्छ घेऊन घरी आला. बायकोने दार उघडलं आणि त्याला बसवलं. तिचा जीव अजून त्याच्यात अडकलेला होता.

"सर, तुमच्याकडून हरलो, याचाही अभिमान वाटतो," तो म्हणाला. "राग गेला ना?"

"राग कधी नव्हताच."

त्याचा चेहरा उजळला. "मला माहीत होतं, सर."

"राग आला असता तर भांडलो असतो, चार थपडा दिल्या असत्या, आणि तू पुन्हा जेवायला आला असतास," सर म्हणाले. "तुला पाहिलं की मला पोटातून ढवळतं. त्याला माझ्याकडे इलाज नाही. फुलं घेऊन जा, इथे वास कोंडतो."

तो उठला. दारात जरा घुटमळला, काकू काही बोलतील या आशेने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्या हातातला गुच्छ नीट धरायला लावला, देठांतून पाणी गळत होतं म्हणून, आणि दार लावून घेतलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ती खूप वेळ रडली. सर शेजारी जाऊन बसले.

गल्लीत मोजकीच कुटुंबं परतली. कुणी मुलाकडे दूर गेलं होतं, कुणी दुसऱ्याच धंद्याला लागलं होतं. एकाने तर साफ सांगितलं, की आता पुन्हा तो वास नको. आत्याने मात्र पत्र्याची शेड ठोकली, दोन नवे रांजण पुरले आणि कामाला सुरुवात केली. सर नुकसानभरपाईच्या दाव्याच्या कागदांवर तिचा अंगठा घ्यायला गेले, तेव्हा ती रंग ढवळत होती.

"हे किती वर्षं चालणार?"

"सांगता येत नाही."

"मी मेल्यावर?"

"तुमच्या वारसांच्या नावाने चालवीन."

"आणि तुम्ही मेल्यावर?"

आत्याने निळा अंगठा फडक्याला पुसला. तो पुसला जाण्यातला नव्हताच. तिने तो तसाच कागदावर उमटवला.

"बसा," ती म्हणाली. "हे उकळेपर्यंत मला हलता यायचं नाही. ती सनद कुणी, कशी दिली, ते सांगा बघू. आमच्यात कुणालाच धड माहीत नाही."

सरांनी एक पालथी बादली ओढली, कोट काढून मांडीवर घेतला आणि दलदलीपासून सांगायला सुरुवात केली.